पाठ असलेली शेवटची ओळ

मित्रांनो, माझ्याकडे सगळे एक डोळा झाकून बघतात, आणि मला त्याचा मुळीच राग येत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेला अक्षरांचा जुना तक्ता आहे मी. वर एकच भलेमोठे अक्षर आणि खाली ओळीगणिक बारीक होत गेलेली अक्षरे.

मला पेंटरकाकांनी घडवले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पत्र्यावर पांढरा रंग चढवून त्यांनी एकेक ओळ उतरवली. शेवटच्या ओळीसाठी सर्वांत बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि लिहिले, न प त म ग र. मग स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, "याला म्हणतात हात!"

पुढची वीस वर्षे मी दवाखान्यात रुबाबात काढली. माझी शेवटची ओळ वाचणारा छाती फुगवून घरी जाई. एक आजोबा तर वाचता वाचता इतके पुढे सरकले की त्यांचे नाक मला टेकले! कोणाचे डोळे चांगले हे मीच ठरवतो, असे मला वाटू लागले होते. खोटे कशाला सांगू, थोडी शिंगे फुटली होती मला.

हळूहळू माझी अक्षरे पुसट झाली. त्यात बाहेरच्या बाकावर बसून ऐकणाऱ्यांना ती पाठ होऊ लागली. म्हणून डॉक्टरबाईंनी मला काकांच्याच दुकानात रंगवायला पाठवले. त्या दिवशी काका बाहेर एक भिंत रंगवत होते. दुकानात त्यांची लेक होती. तिने माझी खालची ओळ बदलून ल व ट क द ह अशी केली. काकांसारखाच श्वास रोखून लिहिली हो पोरीने!

महिनाभराने तीच लेक काकांना दवाखान्यात घेऊन आली. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता.

"बाबांच्या ओळी हल्ली वाकड्या जातात," ती म्हणाली.

"भिंतच वाकडी होती ती!" काका तिच्यावर गुरकावले. मग माझ्याकडे बघून हसले. "डॉक्टरबाई, हा तक्ता मीच केलाय. माझी काय परीक्षा घेताय?"

तरी त्यांनी डावा डोळा झाकला. वरच्या ओळी धडाधड म्हटल्या आणि शेवटची तर गाण्यासारखी म्हटली, "न, प, त, म, ग, र. झालं समाधान?"

मी हादरलो. ती अक्षरे माझ्या अंगावर नव्हतीच! पण मला तोंड कुठे आहे? ही चोरी पचली असती, तर काका तसेच घरी गेले असते.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, ती ओळ मी बदललीय."

काकांनी उजवा डोळा चोळला, मान तिरकी करून पाहिली. मग खाली बघत बोलले, "दिसत नाही गं. मधेच धुरकट होतं. म्हटलं, तू दुकान बंद करायला लावशील."

"दुकान नाही, लपवाछपवी बंद करा," लेक म्हणाली, आणि तिचेच डोळे भरले.

डाव्या डोळ्याने मात्र त्यांनी नवी ओळ खरोखर वाचली. "हा बघा, ठणठणीत!" काका खुलले. मीही फुगलो.

"काका, तक्त्याला आतलं काय कळतंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझी हवाच गेली!

त्यांनी थेंब घालून काकांच्या बाहुल्या मोठ्या केल्या आणि डोळ्यांच्या मागचा पडदा तपासला. साखर वाढलेली राहिली की त्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन झिरपू लागतात. उजव्या डोळ्यात सूज होती. आणि माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या डाव्यातही रक्ताचे ठिपके निघाले! दुखत नाही, खुपत नाही, सुरुवातीला दिसणेही कमी होत नाही. म्हणूनच हा आजार लबाड.

"डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल," असे ऐकताच काका खुर्चीतून अर्धे उठले. "आधी डोळा बधिर करते. आणि साखर, रक्तदाब तुम्ही सांभाळायचे, ते माझ्या इंजेक्शनच्या हातात नाही," डॉक्टरबाईंनी बजावले. पहिल्या खेपेनंतर काका बाहेर येऊन म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच?"

काही महिने ते नेमाने आले. एकदा माझ्यासमोर बसून, डावा डोळा झाकून शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचले आणि थांबले. "याच्या खालचं दिसत नाही," ते सरळ म्हणाले. गेलेली नजर सगळी परत आली नव्हती, पण सूज उतरली होती आणि पाट्या पुन्हा सरळ होत होत्या. इतक्या वर्षांत मला इतके खरे कोणी वाचले नव्हते.

नंतर काका रंगाचा डबा घेऊनच आले. लेकीने पेन्सिलने रेघा आखून दिल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर, सर्वांत मोठ्या अक्षराच्याही वर लिहिले, "मधुमेह आहे? मग मला वाचून घरी जाऊ नका. दर वर्षी आतून डोळे तपासून घ्या."

"बाबा, किती मोठं लिहिलंत!" लेक हसली.

"बारीक लिहून हात दाखवला गं आजवर," काका म्हणाले. "हे सगळ्यांना दिसायला हवं."

तर मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल, तर त्यांना हात धरून तपासायला न्या. मला पाठ करून आलात तर मी काहीच बोलू शकणार नाही, आणि प्रत्येकाच्या मागे ओळ बदलणारी लेक उभी नसते.