जाळीच्या दारावरचं कुलूप

“बाई, कुलूप घालायच्या आधी येकदा वरनं फिरून या,” असं साळुबाई म्हणाल्या होत्या. अश्विनी मॅडम हसल्या, पण वर गेल्या नाहीत. “फळा कोरा आहे, मावशी,” म्हणाल्या. मित्रांनो, तेव्हा त्यांच्या हातात मीच होतो.

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. जुन्नरच्या पेठेत अजीजभाईंनी मला विकताना सांगितलं होतं, “बाई, हे दगा देणार नाय.” १९९६ साली मी मुलींच्या वसतिगृहाच्या जाळीच्या दारावर आलो.

मॅडम वसतिगृहाच्या अधीक्षिका, दाराशेजारच्याच खोलीत राहायच्या. मुलींचं दुखलंखुपलं बघायचं, रडणारीला जवळ घ्यायचं, रुसलेलीला जेवायला बसवायचं, हे त्यांचं काम. त्याला सुट्टी नव्हती. त्यांची लेक संस्कृती माझ्याच दाराचे गज धरून उभं राहायला शिकली. रस्त्यानं वरात गेली तरी मायलेकी गजांतूनच बघायच्या. स्वयंपाक करणाऱ्या साळुबाई म्हणायच्या, “पोरी घरला तरी जात्यात. जन्मठेप तुमालाच झाली का वो?” मला तेव्हा माझाच भार व्हायचा.

आमच्याकडे एक रीत होती. दाराजवळच्या फळ्यावर मुलींची नावं असत. घरी जाणारीनं आपलं नाव आपल्या हातानं पुसायचं.

एका वर्षी शिमग्याला घाटघरची एसटी गाठायला दुपारी एकच पळापळ झाली. त्यांच्यातलीच लंका तापानं फणफणून वरच्या खोलीत झोपली होती. खालच्या खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं, ही पुढं गेली. तिनं मायेनं दोघींची नावं पुसली. मॅडमना कितीतरी महिन्यांनी माहेरी, मंचरला जायला मिळत होतं. त्यांनी मला लावलं आणि लेकीला कडेवर घेऊन त्या निघाल्या.

मग जिन्यावर पावलं वाजली. लंकानं गज धरून हाका मारल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं मला दोन्ही हातांनी ओढलं, हिसके दिले. अजीजभाईंचा शब्द खरा ठरला. मी सुटलो नाही. पाच दिवसांची सुट्टी होती. घरच्यांना वाटणार, पोर वसतिगृहात आहे. मॅडमना वाटणार, ती घरी आहे.

मंचरच्या स्टँडवर संस्कृतीच्या पायात बूट चढवताना मॅडमचा हात थांबला. निघताना दारातल्या पायरीवर त्यांनी एक चपलांचा जोड पाहिला होता. सगळ्या जर गेल्या, तर ती अनवाणी कोण गेली?

माहेर दहा पावलांवर होतं. त्या उलट्या पावली फिरल्या.

भिंतीवरचं ऊन उतरताना त्या आल्या. किल्ली दोनदा चुकली. गजांना टेकून बसलेली लंका म्हणाली, “मॅडम, म्या लई हाका मारल्या.” मॅडम उंबऱ्यावरच बसल्या. एका मांडीवर लेक होती, दुसऱ्या मांडीवर त्यांनी लंकाचं तापलेलं डोकं घेतलं.

त्यानंतर त्यांनी फळ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. रोज प्रत्येक दार वाजवून, प्रत्येकीचं तोंड बघूनच त्या मला लावायच्या.

२००७ साली नवी इमारत झाली, नवं कुलूप आलं. मी आता मॅडमच्या खोलीत, खिडकीत पडून असतो. संस्कृती शिकायला मंचरला आजीकडे गेली. मॅडम अजूनही सगळी दारं वाजवतात. त्यांचं दार मात्र कुणी वाजवत नाही. फळ्यावर त्यांचं नाव कधी नव्हतंच. मग त्या आत आहेत हे कळणार कुणाला?

मित्रांनो, मला तेल नका घालू, गंजलो तरी चालेल. पण तुमच्याकडे अशी कुणी बाई असेल, तर आज तिचं दार वाजवा. “बरी आहे गं,” म्हणाली तरी लगेच फिरू नका. उंबऱ्यावर घटकाभर टेका.