परतीचा माल

शनिवारी सकाळी साडेनऊला त्याने वही, पेन आणि फोन जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. दोघांनाही सुट्टी होती. परीक्षा बायकोने ठेवली होती : पुढच्या महिन्यापासून दर आठवड्याला मिळतील अशी दोन भाडी फोनवरून जमवायची. एक जायचं, एक यायचं. वेळ पाचपर्यंत.

कारण पाचला काकांना होय किंवा नाही सांगायचं होतं. काका म्हणजे मागच्या गल्लीतले जुने ड्रायव्हर. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ते आपला लहान ट्रक विकत होते. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, पण पहिला मान याचा. एकोणीस वर्षं ट्रान्सपोर्ट कंपनीची गाडी चालवल्यावर त्याला स्वतःची हवी होती. "कुठे पोहोचलास, असं कुणी विचारणार नाही," हे त्याचं मुख्य कारण.

बायको त्याच कंपनीच्या ऑफिसात गाड्या लावायची. कोणती गाडी काय भरून जाईल आणि काय भरून येईल, ते तिच्या टेबलावर ठरायचं.

"गाडी तुम्ही न्याल हो," ती म्हणाली होती. "पण येताना रिकामी आणलीत, तर हवा वाहिल्याचं भाडं कोण देणार?"

"आज मध्ये बोलायचं नाही."

"तोंडाला कुलूप," म्हणत तिने त्याचे कंपनीचे पाच शर्ट इस्त्रीला काढले.

पहिला फोन पंपाच्या कारखान्यात लागला.

"हॅलो, बेचाळीस नंबर बोलतोय!"

"कोण बेचाळीस?"

बेचाळीस हा कंपनीतल्या त्याच्या गाडीचा नंबर. ऑफिसला फोन करताना तो इतकी वर्षं हेच सांगत आला होता. स्वतःचं नाव आठवेपर्यंत पलीकडून फोन ठेवला गेला. इस्त्री क्षणभर थांबली, पण कुलूप टिकलं.

बाराला फरशीवाला गळाला लागला. अडीचला वॉशिंग मशीनवाला. तो खुर्चीतून उठलाच.

"झाली दोन! उघड कुलूप!"

"वाचून दाखवा."

"दर मंगळवारी सकाळी सात, फरशा, इथून बंदरावर. दर मंगळवारी सकाळी सात, वॉशिंग मशीन, इथून..." तो थांबला. "बंदरावर."

"छान. मग अर्धी गाडी तुम्ही चालवा, अर्धी काका."

तो खाली बसला. "माल उतरवला की परतीच्या मालाचा कागद हातात यायचा गं. तो कुठून येतो, मी कधी विचारलंच नाही."

"माझ्याकडून येतो."

त्याने पेनाला टोपण लावलं. मग फोन उचलला. "काकांना सांगतो, दुसऱ्याला देऊन टाका."

तिने इस्त्री बंद केली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि वॉशिंग मशीनवाल्याला लावला. गुरुवार चालेल का? चालेल. दुसरा फोन बंदरावरच्या कागदाच्या गोदामात. माल लहान गाडीपुरताच होता, मंगळवारी दुपारी तयार असायचा. तिसरा फोन एका बी-बियाणंवाल्याला. त्याचा माल गुरुवारी बंदरावरून इकडे यायचा. एकूण अकरा मिनिटं.

"हे सगळे कोण?" त्याने विचारलं.

"कंपनी लहान माल घेत नाही. रोज ज्यांना मी 'नाही' म्हणते, ते."

"म्हणजे ट्रक घ्यायचा?"

"घ्यायचा. पण महिन्याची नोटीस दोघांनी द्यायची. माझं टेबल कंपनीत राहिलं, तर हे फोन कोण करणार? बेचाळीस नंबर?"

"दोन्ही पगार बंद होतील."

"म्हणून तर दोन फेऱ्या लावल्या."

त्याने वहीतली चारही नावं दोनदा वाचली. पाचला दहा कमी असताना त्यानेच काकांना फोन केला आणि होय म्हटलं.

"शाब्बास!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की तिलाही ऐकू गेलं. "आता तू राजा. कुठे पोहोचलास, विचारणारं कुणी नाही!"

त्याने वळून पाहिलं. ती वहीत मंगळवारचं पान आखत होती. सातला फरशा. दोनला कागद. मधल्या रिकाम्या ओळीत तिने लिहिलं : दहाला फोन, कुठे पोहोचलात.