आखूड अंडं

वॉरिन फ्लॅटच्या मैदानावर टिटव्या फार. आमच्या क्लबचं नावही टिटव्याच. ऐन मोसमात, मैदानाच्या कडेला गवतात अंडी घालायची आणि जवळ येणाऱ्या सहा फुटी खेळाडूच्या टाळक्यावर झडप घालायची, इतका मूर्ख प्राणी ह्या उपनगरात दुसरा नाही असं मी म्हणालो असतो. पण पाचच हातांवर कुंपणाला टेकून आम्ही उभे असायचो.

मेलबर्नमधल्या बाकी कुठल्याही फुटबॉलच्या मैदानावर, समोरच्या संघाचा खेळाडू चेंडू पोटाशी धरून पकडला गेला की लोक 'बॉल!' म्हणून गर्जतात, म्हणजे अंपायरने शिट्टी फुंकून चेंडू आपल्याला द्यावा. आम्ही 'अंडं!' म्हणतो. चेंडू अंड्याच्या आकाराचा, आणि तो वेळेत न सोडणारा माणूस आमच्या मते तो उबवायला बसलेला असतो. हे प्रथम कोण ओरडलं असं कुणालाही विचारा, आमच्या कुंपणावरच्या क्लॅरी हॉबनचं नाव सांगेल. क्लॅरीला विचारा, तो म्हणेल आठवत नाही. म्हणून मी ते खरं धरतो.

बाहेरच्यांना कळत नाही ते असं, की अंडी दोन आहेत. 'अंऽऽऽडं' हे लांब, ते अंपायरसाठी. त्यात तक्रार असते, अंपायरच्या आईबापांची थोडी विचारपूस असते. आणि 'अंड्!' हे आखूड, टिटवी दचकल्यासारखं. ते आपल्या पोरासाठी. त्याचा अर्थ, बाळा, तुझ्या पाठीवर कुणीतरी येतंय, तुला दिसत नाहीये, असशील तिथून चेंडू सोड. आखूड अंडं फक्त क्लॅरीने द्यायचं. असा काही नियम नाही. एकदा एका दंतवैद्याने दिलं होतं, तो आता क्रिकेट बघतो.

ह्या आखूड अंड्यावर टिटव्यांच्या पिढ्या वाढल्या. सध्याचा आमचा जेड व्हेलन तर कुंपणावरच वाढला. त्याचा आजा मिक, क्लॅरीच्या डाव्या हाताला उभा राहायचा, तिथेच एका मोसमात गेला. जेडला मिकने खेळातलं एकच शिकवलं होतं. मागे बघायचं नाही, मागे क्लॅरी बघतोय.

क्लॅरीच्या उजव्या हाताला नोलीन, त्याची बायको. तिच्या खुब्यात लोखंड आहे. बसली तर उठता येत नाही, आधाराशिवाय उभं राहवत नाही. आमच्या कुंपणाची वरची नळी तिच्या बरोबर काखेखाली येते. कुठल्याशा मेलेल्या लोहाराने चुकून जास्त उंच बसवलेली. ती नळी आहे म्हणून नोलीन सामन्याला येते. नाहीतर तिचा शनिवार खिडकीत.

अशात क्लबने फ्रेझर टली नावाचा माणूस नेमला. चाहता-अनुभव प्रमुख. आम्हाला इतकी वर्षं काय येत होता ते देव जाणे, पण तो अनुभव नव्हता असं कळलं. फ्रेझर स्वच्छ माणूस. त्याच्या बुटांना कधी चिखल लागलेला मी पाहिला नाही, आणि आमच्या मैदानावर हे बेशरमपणाशिवाय शक्य नाही. तो भेटेल त्याला 'दिग्गजा' म्हणायचा. आमच्याकडे एखाद्याला दिग्गज म्हटलं की समजायचं, त्याच्याकडून काहीतरी फुकट काढायचं आहे.

पहिल्यांदा त्याने फलक बदलला. खेळाडू मैदानात येताना जो कागदी फलक फाडून धावतात, तो गुरुवारी संध्याकाळी नोलीन आणि तिच्या मैत्रिणी चिकटवायच्या. दोन दिवस जपायचा आणि पोरांनी एका धडकेत चिंध्या करायच्या, ह्यात सगळी गंमत. फ्रेझरने प्लास्टिकचा आणला. मधून दारासारखा उघडतो, परत मिटतो. फाटतच नाही. त्यावर एका कोंबडी-अंडी कंपनीचं चित्र. टिटव्यांच्या क्लबला कोंबडीचं अंडं. मग त्याच कंपनीचं एक माणूसभर उंच, स्पंजचं अंडं आलं. आत कुणीतरी घामाने भिजून नाचायचं. ते कुंपणाजवळून गेलं की ओल्या मोज्यांचा वास यायचा, आणि लोक त्याला मिठी मारून फोटो काढायचे. मी ह्या लोकांना बरीच वर्षं ओळखतो. त्यांनी सख्ख्या भावाला मिठी मारलेली नाही.

मग आमच्या कुंपणाची पाळी आली. तिथे हिरवं प्लास्टिकचं गवत, बसायला रंगीत पिशव्या, आणि फ्रेझरच्या शब्दांत 'कुटुंबांसाठी मोकळी जागा' होणार होती. कुंपण काढणार. आम्ही टेकडीवर, गोलच्या मागे बसावं असं ठरलं होतं. टेकडी उतरती, धरायला काही नाही. नोलीन फ्रेझरला म्हणाली, "मला तिथे ठेवलंस तर मी गडगडत थेट गोलमध्ये जाईन. गुण कुणाला देणार?"

फ्रेझर मनापासून हसला आणि क्लॅरीकडे वळला. एक मार्ग आहे, म्हणाला. क्लबला क्लॅरीचा आवाज हवा होता. ते ओरडणं एकदा नीट रेकॉर्ड करून द्यायचं, लाउडस्पीकरवर वाजवायचं. त्याबदल्यात कुंपण राहील. 'वारशाचं कुंपण' म्हणून पाटीसुद्धा लागेल.

क्लॅरीने नोलीनच्या काखेखालच्या नळीकडे पाहिलं आणि हो म्हणाला. त्यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. मलाही नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्यांपुढे त्याने दोन्ही अंडी दिली, कुठलं कधी द्यायचं ते समजावलं. तिथल्या पोरीने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. लांब अंडं तिला रडगाण्यासारखं वाटलं. आखूड टवटवीत होतं, ते तिने घेतलं.

पुढच्या घरच्या सामन्याला आखूड अंडं लाउडस्पीकरवर लागलं. समोरच्याचा खेळाडू पकडला गेला, अंड्! आपला गोल झाला, अंड्! एका मुलाला स्पंजच्या अंड्याने टोपी दिली, अंड्! क्लॅरीचाच आवाज, पण धुऊन, इस्त्री करून, सगळ्या मैदानावर पसरलेला. लोक टाळ्या वाजवत त्यामागोमाग ओरडू लागले. तोंड भरून ओरडत होते, आणि कशासाठी ते एकालाही माहीत नव्हतं.  

क्लॅरी स्वतः एकदाच ओरडला. कुंपणावरच थोडं पुढे उभ्या असलेल्या एका नव्या बाईने वळून सांगितलं, "आजोबा, ऐकलं की आम्ही आत्ता. स्पीकर आहे ना."

त्यानंतर तो गप्प उभा राहिला. खेळ मात्र बघत होता, नेहमीसारखा, मान पुढे काढून.

शेवटच्या डावात आम्ही चार गुणांनी मागे होतो. गोल झाला की सहा मिळतात. सामना संपल्याचा भोंगा वाजायच्या बेतात होता. जेडने मधल्या घोळक्यातून चेंडू काढला आणि धावत सुटला. समोर गोलचे खांब, अंगावर येणारं कुणी नाही, मागे कुणी नाही. मागचं आम्हाला कुंपणावरून स्पष्ट दिसत होतं, आमच्यापासून त्याच्यापर्यंत रिकामं गवत. क्लॅरीने श्वास रोखला होता. वर लाउडस्पीकरच्या खोलीत बसलेल्या कुणाला तरी वाटलं असणार, हा उत्साहाचा क्षण आहे.

अंड्!

जेडने बघितलं नाही. त्याला तसंच शिकवलेलं होतं. त्याने मूठ मारून चेंडू बाजूला उडवला. बाजूला आमचं कुणी नव्हतं. त्यांच्या एका लाल केसांच्या पोराने तो उचलला, आनंदापेक्षा आश्चर्याने, आणि लांब लाथाडला. भोंगा वाजला.

कुंपणावरचे सगळे क्लॅरीकडे वळले. एकजण तर म्हणालाच, काय केलंस हे. नोलीन त्याला म्हणाली, "मी त्याच्याच तोंडाकडे बघत होते. बंद होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

स्पंजचं अंडं कुंपणासमोर येऊन दुःखाने डोळे पुसल्याचं सोंग करून गेलं.

सामना संपल्यावर खेळाडू कुंपणाशी हात मिळवायला येतात. जेड आला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

"कोण होता मागे?" त्याने क्लॅरीला विचारलं.

"कुणी नव्हतं."

"मग कशाला दिलंस?"

"मी नाही दिलं, पोरा."

"तुझाच होता आवाज. मला तुझा आवाज कळत नाही होय?"

क्लॅरीने वर खांबावरच्या स्पीकरकडे बोट केलं. जेडने तिकडे पाहिलं, मग क्लॅरीकडे, मग परत तिकडे. समजल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मी खाली मान घालून स्कार्फची गाठ सोडवू लागलो. ती गाठ नव्हतीच.

सोमवारी क्लॅरी फ्रेझरकडे गेला. सोबतीला मी. क्लॅरीने सरळ सांगितलं, आवाज परत दे. फ्रेझर फार समजूतदारपणे वागला, समजूतदारपणाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. एका सामन्याचं एवढं मनाला लावून घ्यायचं नाही, म्हणाला. लोकांना ते आवडतंय. बाहेरगावची पोरं शाळेत तसं ओरडायला लागली आहेत. "तू उद्या नसलास तरी हा आवाज राहील, दिग्गजा. मैदानावर कायम."

"चुकीच्या वेळी," क्लॅरी म्हणाला.

फ्रेझर म्हणाला, वेळेचं बघता येईल. बाकी क्लॅरीची इच्छाच असेल तर तो आवाज काढून टाकेल, क्लब कुणावर जबरदस्ती करत नाही. पण मग कुंपणाचंही परत बघावं लागेल. गवत येऊन पडलेलंच होतं. खिडकीतून त्याच्या गुंडाळ्या दिसत होत्या, ओल्या पालीच्या रंगाच्या.

हे सगळं क्लॅरीने घरी नोलीनला सांगितलं. ती म्हणाली, मोड तो सौदा. मी रेडिओवर ऐकीन, नाहीतरी तुझ्या कोपरामुळे मला अर्धा खेळ दिसत नाही. क्लॅरी बघतो म्हणाला. ती न्हाणीघरात गेली, तेव्हा तिला टबाच्या काठावरून उठायला किती वेळ लागला ते तो बाहेर उभा राहून ऐकत होता. त्याने सौदा मोडला नाही.

पुढच्या शनिवारी तो लवकर निघाला. खेळाडू बाहेर येतात त्या बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिथे समर्थकाने जायचं नसतं, पण त्याला अडवायला कुणी धजावलं नाही, आता तो वारसा होता. जेड दंडाला पट्टी गुंडाळत आला.

"एक सांगायचंय," क्लॅरी म्हणाला. "आजपासून माझं ऐकू नकोस."

"स्पीकरवरचं ना?"

"कुठलंच. तुला धावताना फरक कळायचा नाही. मला स्वतःला कळत नाही."

जेडने दाताने पट्टी तोडली. "मग मागे कोण आहे ते मला सांगणार कोण?"

 आत कुणीतरी भिंतीवर मुठी आपटत होतं, प्लास्टिकचा फलक वाऱ्यावर फडफडत होता.

"मागे कुणी नाही असं धर," तो म्हणाला.

जेड "बरं" म्हणाला. आमच्याकडे पोरं एवढंच म्हणतात. फलकाचं दार उघडलं, ते सगळे धावत बाहेर आले, दार मिटलं.

क्लॅरी येऊन नोलीनशेजारी उभा राहिला. ती नळीवर काख टेकून, मजेत होती. पहिल्याच डावात जेडला चेंडू मिळाला. तो निघाला, आणि चार पावलांवर त्याने मान वळवून मागे बघितलं. परत दोन पावलं, परत मागे. मागे बघणारा खेळाडू अर्ध्या पावलाने हळू होतो. तेवढ्यात कडेने येऊन त्यांच्या दोघांनी त्याला चेंडूसकट जमिनीवर दाबला.

समोरच्या बाजूने त्यांचे लोक गर्जले, "बॉल!"

अंपायरने शिट्टी फुंकली. बरोबरच होतं त्यांचं.