बेडकांचं घरचं खाणं

जीवशास्त्राच्या मास्तरांना माडीवरची खोली देताना घरमालकीण काकूंनी एकच अट घातली होती: घरात मांस-मच्छी येता कामा नये. मास्तरांना अंडंही चालत नसे, त्यामुळे त्यांनी खुशाल मान डोलावली. घोळ झाला तो त्यांनी काचेच्या टाकीत बेडकाची पिल्लं आणली तेव्हा.

"हे काय खातात?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"शेवाळ. उकडलेला पालकही चालतो."

काकूंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून पालक त्याच उकडून आणू लागल्या. त्यात मीठ घालायचं नाही, हे मास्तरांना दोनदा सांगावं लागलं.

पुढे पिल्लांना पाय फुटले आणि पालक तसाच उरू लागला.

"माझ्या हाताची चव गेली का हो?"

"तसं नाही काकू. त्यांचं तोंड बदलतंय. सध्या शेपटी अंगात जिरतेय, त्यावरच भागतं."

"स्वतःची शेपटी? म्हणजे मांसच की."

काकू टाकीवर वाकल्या. "असू दे. बाहेरून तर आणलं नाही ना."

शेपट्या संपल्या तशी मास्तरांनी बॅग भरायला घेतली आणि खरं काय ते सांगून टाकलं. आता हे पक्के मांसाहारी. किडे, चिलटं लागणार, तीही जिवंत. पुस्तकातही तसंच लिहिलंय.

"पुस्तकाचं पुस्तकापाशी," काकू म्हणाल्या. "विकत आणलं तर ते मांस. आपणहून उडत आलं, त्याला मी काय करणार?"

त्यांनी टाकीवरच्या कापडाला दाभणाने भोकं पाडली आणि आत काळं पडलेलं केळं ठेवलं. चिलटं जमली. पहिल्या बेडकाने जीभ फेकली, तेव्हा काकूंनी तोंड फिरवलं.

"खाल्लं का?"

"खाल्लं."

"पोटभर?"

मग केळी वाढत गेली आणि चिलटं घरभर झाली. एकदा मास्तर खाली जेवायला बसले असताना काका, म्हणजे काकूंचे यजमान, वैतागले आणि त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी उचलली.

"ठेवा ते खाली," काकू शांतपणे म्हणाल्या. "ती बेडकांच्या ताटातली आहेत."

काकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आमटीत बघत होते. मग काका बिचारे डाव्या हाताने चिलटं वारत जेवू लागले.