फक्त श्वास मोठा झाला

‘फलाट तीनची गाडी सुटते आहे. बाकावर छत्री विसरलेल्या आजोबांनी आधी छत्री घ्यावी. गाडी तेवढी थांबेल.’

मित्रांनो, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला बावीस वर्षं झाली, तरी तो माझ्या जाळीत अजून अडकून आहे. मी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतला एक जुना माईक. लोखंडी पाय, वाकणारी मान, डोक्यावर जाळी. माझ्यासोबत जन्मलेले कुणी सभेत गेले, कुणी लग्नात. माझ्या वाट्याला आली एक खिडकी आणि एक बाई.

चालक तिला मास्तरीणबाई म्हणत, कारण उशीर करणाऱ्याला ती सगळ्या फलाटांदेखत झापायची. ‘पाच नंबरचे चालक, चहा संपला असेल तर गाडीकडे या. संपला नसेल तरी या.’ फलाट हसायचे. आधी नखाने दोनदा टिचकी, मग श्वास, मग शब्द. उन्हात उभ्या माणसाला तो आवाज सावलीसारखा वाटे, आईचं बोट सुटलेल्या लेकराला बोटासारखा.

तिचा नवरा याच स्थानकाचा वायरमन. माझी तार तुटली की तोच जोडी. माणूस अबोल. ‘घरीही बाईच घोषणा करतात का हो?’ असं कुणी छेडलं, तर म्हणे, ‘त्या सांगतील ती गाडी मी पकडतो.’

मग तिच्या गळ्यात गाठ आली. थायरॉईडची. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. तिच्या गळ्याच्या इतका जवळ मीच; मला ती सर्वांआधी दिसली. पण सांगणार कसा? माझ्यात कुणी बोललं, तरच मला बोलता येतं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. दीड महिन्याने ती परत आली, गळ्यावर लालसर आडवी रेघ, रेघेवर रुमाल. तिने टिचकी मारली. श्वास घेतला. आणि मित्रांनो, शब्द आलाच नाही. नुसती हवा आली. मी काय करणार? मी ती हवाच मोठी केली. साऱ्या स्थानकावर एक भलामोठा श्वास पसरला आणि माणसं आभाळाकडे बघू लागली.

‘मास्तरीणबाई, मौन धरलंत? आम्ही सुधारलो की काय!’ एक चालक खिडकीत डोकावून म्हणाला. ती हसली. त्या हसण्यालाही आवाज नव्हता. तो बिचारा टोपी काढून उभाच राहिला.

तिच्या गळ्यातल्या दोन स्वरतंतूंपैकी डावा हलत नव्हता. दोन्ही मिटत नाहीत, म्हणून बोलताना हवा निसटे. पाणी पितानाही हनुवटी छातीला टेकवावी लागे, नाहीतर ठसका. ‘कुजबुजत बोल, गळ्याला विसावा मिळेल,’ असं सासू मायेने म्हणाली आणि महिनाभर घरातले सगळेच तिच्याबरोबर कुजबुजत राहिले. पुढे आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कपाळावर हात मारला. कुजबुजण्याने गळा उलट जास्त ताणला जातो, म्हणाल्या.

हे सगळं ती शेजारच्या तिकीटवालीला तुटक तुटक सांगे. शेवटी दर वेळी एवढंच म्हणे, ‘माझंच चुकलं गं. नर्सनं गप्प राहा म्हटलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी ह्यांना मोठ्यानं हाक मारली.’ हे ऐकलं की वायरमन खाली वाकून एखादा स्क्रू शोधू लागे.

स्थानकाच्या साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिली. तोवर आवाज आला तर ठीक. नाहीतर तिने मागच्या खोलीत कागद लावायचे आणि खिडकीत रेकॉर्ड केलेला आवाज वाजायचा. ती दुपारी व्यायाम म्हणून माझ्यासमोर ओठ मिटून हुंकार भरी. वायरमन रोज मला उघडी. त्याने माझी तार बदलली, जाळी घासली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. मी नुसती शीळ घातली. बिघाड माझ्यात नव्हता. असता तर किती बरं झालं असतं!

मुदतीच्या आदल्या दिवशी एका म्हातारीची गाडी चुकली. ‘अगं बाई, सांगायचं तरी!’ ती खिडकीशी येऊन रडली. माझ्या बाईने तीनदा सांगितलं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला फुंकर मारून तपासू नका, तारेला धरून ओढू नका. आणि एखाद्याचा आवाज बारीक झाला, तर तुमचे कान जवळ न्या. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. एवढंच मागणं आहे.

त्या दुपारी वायरमनने मला पुन्हा उघडायला घेतलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

‘त्याला कशाला छळता?’ ती म्हणाली. अर्धे शब्द हवेतच गेले. ‘बिघाड माझा आहे. मीच हाक मारली ना.’

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

‘आवाज हाकेनं नाही गेला,’ तो म्हणाला. ‘ऑपरेशनच्या आधीच डॉक्टर म्हणाले होते. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय, आवाज जाऊ शकतो. तू रक्त द्यायला गेली होतीस. म्हणाले, त्यांना समजावून सांगा. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं, तर तू टेबलावर गेलीच नसतीस. आणि नंतर तू रोज स्वतःला बोल लावत होतीस, तेव्हाही मी गप्प बसलो.’