गोल कोपऱ्यांचे चौकोन

"ताई, हा चौकोन उडवा. प्लीज."

साहेब तिच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बोट दाखवत होता. वयाने तिच्या निम्मा, डोळे जागरणाने लाल, पण प्रत्येक वाक्यामागे 'प्लीज' लावायला न विसरणारा. सल्लागार कंपनीत ती बावीस वर्षं हेच करत आली होती. साहेब लोक दुसऱ्यांच्या कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊन सल्ले ठरवायचे आणि ती त्यांचे तक्ते काढायची, एकेका खात्याला एकेक चौकोन. तिचे चौकोन कोपऱ्यांवर जरासे गोल असत. टोकदार कोपरा डोळ्याला बोचतो, असं तिचं ठाम मत होतं. सगळे तिला 'चौकोनताई' म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं.

गिऱ्हाइकाचं नाव फाइलवर कधीच नसे. ही फाइल नुसती 'प्रकल्प हंस' होती. पण चौकोनात लिहिलं होतं: मीटर दुरुस्ती, जुन्या टाकीचं आवार, चौदा माणसं. पाणी कंपनीतल्या त्या चौदांतला एक तिचा धाकटा दीर होता.

"का उडवायचा?" तिने विचारलं. असं तिने आजवर कधीच विचारलं नव्हतं.

"ते काम आता बाहेरून करून घेणार. दोन महिन्यांनी. अजून त्यांच्या माणसांनाही माहीत नाही हं, ताई."

हे तिला सांगायची गरज नव्हती. मागे एक टायपिस्ट असंच काहीतरी नवऱ्याजवळ बोलून गेली होती, आणि दोन दिवसांत तिची खुर्ची रिकामी झाली होती. चौकोनताईने चौकोन उडवला. उरलेले दोन्हीकडून सरकवून जागा भरून काढली. पान आता जास्त सुबक दिसत होतं, आणि याचाच तिला राग आला.

या नोकरीने तिची मान धरली होती, नजर अधू केली होती. पण नवऱ्याचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनवर धुऊन निघत होतं ते याच कंपनीच्या विम्यावर. दवाखान्याच्या खिडकीत कार्ड दाखवलं की पुढे कोणी काही विचारत नसे. कार्ड गेलं तर, हा विचार ती नेहमी अर्ध्यावर सोडून देई.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दीर यायचा, भावाला धरून तीन जिने उतरवायचा, दवाखान्यात न्यायचा. भिंतीवरच्या औषधांच्या तक्त्यात तिने त्याचाही एक गोल कोपऱ्यांचा चौकोन केला होता: 'मंगळ, शुक्र – भाऊजी.' सासूबाई गेल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तिच्याच हाताखाली वाढला.

"वहिनी, एक सल्ला हवाय," बूट काढता काढता तो म्हणाला. "दुसऱ्या गावच्या पाणी कंपनीने बोलावलंय. तुम्ही एवढ्या सल्ल्याच्या कंपनीत. सांगा, जाऊ का?"

"जा," ती इतक्या घाईने म्हणाली की नवऱ्याने मान वळवून पाहिलं.

"अहो, चहा तरी होऊ द्या! हाकलायची एवढी घाई?" दीर हसला. "इथे तरी काय वाईट आहे? पक्की नोकरी आहे. आणि दादाला जिना कोण उतरवणार?"

"कोणीतरी उतरवेल. जा म्हणते ना!"

"का पण? एक कारण सांगा, उद्या निघतो."

कारण अगदी जिभेवर होतं. समोर नवरा बसला होता, सुयांनी फुगलेल्या शिरेवर बाही ओढून घेत. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचं तुम्ही ठरवा, भाऊजी. मी नुसते चौकोन काढते."

"मग ठरलं. नाही जात. चल रे दादा."

तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची लाज पुढे तिला कधी सोडणार नव्हती.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी तो आला तो हातात कागद घेऊन.

"आज फळ्यावर नवा तक्ता लावलाय. चौदाच्या चौदा जणांना घरी बसवलं. ही त्याची नक्कल." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "तुम्हाला यातलं कळतं वहिनी, जरा बघा. आम्ही दुसऱ्या कुठल्या चौकोनात आहोत का?"

तिने कागद हातात घेतला नाही. तोच शोधत राहिला. शोधता शोधता त्याचं बोट एका गोल कोपऱ्यावर थांबलं. त्याने भिंतीवरच्या औषधांच्या तक्त्याकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे.

"कधी काढलात?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिला बोलवेना.

"तुम्ही सल्ला विचारलात ना, त्याच्या आदल्या दिवशी."

त्याने कागदाची नीट चौपदरी घडी केली आणि खिशात ठेवली. "चल दादा, उशीर होईल," म्हणाला, आणि नेहमीसारखाच मोठ्याने पायऱ्या मोजत भावाला खाली घेऊन गेला.

पुढच्या मंगळवारी तो येईल की नाही, याची तिला धास्ती होती. तो अगदी वेळेवर आला. तिने चहा टाकला होता.

"आत या ना, भाऊजी."

"नको. दादाला न्यायला आलोय." बूट न काढता दाराबाहेरूनच त्याने भावाला हात दिला.

दार उघडंच राहिलं. खालून त्याचं पायऱ्या मोजणं ऐकू येत होतं. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. ती शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत उभी राहिली.