दोन सूत माया

"ये माया क्या है? माया-मोह?" यादवसाहेबांनी मागाच्या दांड्याचा नकाशा सगळ्यांना दिसेल असा धरला, आणि ऑफिस खदखदून हसलं.

कौतिक लोहार हसला नाही. "माया मतलब ज्यादा लोखंड, साहेब. दो सूत, याने पाव इंच. घडाने के बाद तासना पडता ना, उसके वास्ते."

"तो हिंदी में लिखो. अब नागपुर का राज नहीं है."

खरंच नव्हतं. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, त्याला चार महिने झाले होते. मागाचे भाग घडवणाऱ्या त्या कारखान्यात कौतिक बारा वर्षं नकाशे काढत होता. तापलेलं लोखंड साच्यात कुठे अडेल, हे त्याला कागदावरच दिसायचं. पण हिंदी लिहायची म्हटली की घाम फुटायचा. म्हणून नकाशे हिंदीत उतरवायचं काम प्रभाकर कारकुनाकडे गेलं.

प्रभाकर तिथल्याच तापीकाठच्या राजघाटाजवळचा, घरी मराठी बोलणारा. आई शिवणकाम करायची. कापडात माया कशाला ठेवतात हे त्याला पाळण्यापासून ठाऊक. पण साहेब पुन्हा हसतील म्हणून त्याने ती ओळच गाळली. आणि आपलाच माणूस म्हणून कौतिकने न वाचता खाली सही ठोकली.

दोनशे दांडे घडले, तासले आणि बारीक निघाले. एकही मागाला बसेना.

कौतिकने मूळ कागद पुढे केला. "प्रभाकर, तूच सांग ना भाऊ, म्या लिहेल होतं का नही?"

प्रभाकर टाक पुसत राहिला. "मले काही याद नही, दादा."

"नक्शा वही, जो हिंदी में है," साहेब म्हणाले. "और दस्तखत तुम्हारे हैं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते उगाच नाही. कौतिकची रवानगी घणावर झाली आणि त्याचं टेबल प्रभाकरला मिळालं.

पंधरा दिवसांनी प्रभाकर नवा नकाशा घेऊन भट्टीपाशी आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "दादा, आतल्या कोपऱ्याले गोलाई किती देऊ?"

नकाशा काढणाऱ्याच्या चौकटीत प्रभाकरचं नाव आधीच लिहून झालं होतं. कौतिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसावं, होऊ दे याची फजिती, असं त्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं. पण फजिती प्रभाकरची झाली असती आणि हात विणकराचा गेला असता.

"एक सूत," तो म्हणाला. "काटकोन ठेवशीन तं दांडा चालत्या मागावर तुटीन."

प्रभाकरने लिहून घेतलं. "आखीन काही, दादा?"

"सरक तिकडे. लोखंड थंडं होऊ राहिलं."